दाजी, तुमचा उजवा हात

दाजी,

तुमच्या डबीचं बटण शून्यावर आहे. सकाळपासून हे मी चार वेळा पाहिलं. सेल काढून दुसऱ्या खणात ठेवलेत, तारा गुंडाळून त्यांना रबर लावलंय, तरी मी उठतो आणि बघून येतो. तुम्ही असता तर म्हणाला असता, "सदा, जाता जाता इस्त्री बंद केलीस का तेबी बघ." आणि मी खरंच बघून आलो असतो.

काल तुमचा तेरावा झाला. बों अक्योय गावची निम्मी वस्ती अक्काच्या अंगणात जेवली. लोक तुमच्याबद्दल चांगलं बोलले. कारखान्यात हात गेला तरी माणूस खचला नाही, डाव्या हाताने फळ्यावर लिहून पोरांना मराठी शिकवलं, असं सगळं. मी कोपऱ्यात गप्प बसलो होतो. बायकोचा धाकटा भाऊ, दाजींवर फार जीव, म्हणून लोकांनी मला समजून घेतलं. दुःख होतंच. पण तुम्ही गेल्यावरचे पहिले चार दिवस मी दुःखाने गप्प नव्हतो, भीतीने गप्प होतो. मला वाटत होतं की तुम्हाला मी मारलं.

हे कुणापाशी बोललेलो नाही. तुमच्याशी बोलायला आता लिहिण्याशिवाय दुसरी सोय नाही, आणि लिहायला तर तुम्हीच शिकवलंत. गावच्या बैठकेत, जिथे शनिवारी शाळा भरते आणि सणाला देव बसतो, तिथे मी तुमच्या नि अक्काच्या लग्नानंतर पाटी घेऊन बसलो होतो, सहा-सात वर्षांच्या पोरांच्या रांगेत. शहरात राहून माझ्या तोंडात इथली क्रेओल बोली बसली होती. "तू बोलतोस ती मराठी न्हाय, मराठीची चटणी हाय," असं तुम्ही सगळ्या वर्गासमोर म्हणालात. तेव्हा या कागदावर काही चुकलं तर मास्तर म्हणून तुम्हीच जबाबदार.

मोठं वादळ आलं त्याच्या आदल्या वर्षीच्या ऊसतोडीत तुमचा हात गेला. तुम्ही ऊस पिळणाऱ्या रुळांना तेल घालणारे. वीस वर्षं त्या यंत्राचा आवाज ऐकत आलेले. चिपाड कुठे अडकलं, कुठलं बेअरिंग कोरडं पडलं, हे तुम्ही डोळे मिटून सांगायचात. त्या दिवशी आवाज बदलला, तुम्ही वाकलात, आणि पुढचं तुम्ही कधीच कुणाला सांगितलं नाहीत. मनगटाच्या वर चार बोटं, तिथून हात गेला. मी तेव्हा सरकारी इस्पितळाच्या कार्यशाळेत नवाच लागलो होतो. लाकूड तासायचं, चामड्याचे पट्टे शिवायचे, गेलेल्या हातापायांच्या जागी नवे बसवायचे, हे माझं काम. आणि पहिल्याच वर्षी माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा माझ्या टेबलासमोर बाही दुमडून बसला. माप घेताना माझ्या हातून टेप दोनदा निसटली. तुम्ही तिचं दुसरं टोक डाव्या हाताने धरलंत आणि म्हणालात, "पा पेर, सदा."

घाबरू नको. एरवी क्रेओल बोललं की कान उपटणारे तुम्ही, हे मात्र नेहमी क्रेओलमध्येच म्हणायचात. मराठीत म्हटलं असतं तर आपल्याला दोघांनाही रडू आलं असतं, असं मला आता वाटतं.

मी तुम्हाला हूक बनवून दिला. खांद्याचा पट्टा ताणला की उघडायचा, सोडला की मिटायचा. त्या हुकाने तुम्ही बादली उचललीत, गवताचा भारा बांधलात, एकदा तर माझ्या मोटारीचं अडकलेलं दार उपटून काढलंत, तेही बिजागरीसकट. पण पंगतीत तुम्ही पुन्हा बसला नाहीत. स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून डाव्या हाताने जेवायचात. बैठकेत पूजा झाली की तीर्थाच्या रांगेत यायचात, देवाला वाकायचात आणि बाजूला व्हायचात. डाव्या हातावर तीर्थ घ्यायचं नाही आणि लोखंडावर तर नाहीच, हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. तुमचं तुम्हीच ठरवलं होतं. नऊ वर्षं तुम्ही तीर्थ घेतलं नाहीत.

आणि ती मूठ. एका रविवारी जेवण झाल्यावर तुम्ही मला हळूच विचारलंत की गेलेला हात दुखू शकतो का. मी म्हटलं, दुखतो, पुष्कळांचा दुखतो. तुम्ही म्हणालात, "माझी मूठ आवळलेली हाय. नखं तळव्यात रुतत्यात. उघडाया बघतो तर उघडत न्हाय." मी पुस्तकी काहीतरी सांगितलं. तुम्ही मान डोलावलीत. तुमची ती मान डोलावण्याची पद्धत मी ओळखायला हवी होती. न समजलेल्या पोरालाही तुम्ही तशीच मान डोलावून "जा, खेळ" म्हणायचात.

दोन वर्षांपूर्वी परदेशातून ते मोठे डॉक्टर आमच्याकडे आले आणि सोबत नवा हात आणला. मला त्यासाठी सहा महिने शिकायला पाठवलं होतं. मी परत आलो तो हवेत तरंगतच. दंडाच्या स्नायूंनी इशारा दिला की मोटर फिरते आणि बोटं मिटतात, इतपत पूर्वीही होतं. नवं होतं ते पुढचं. बोटांना दाब लागला की कमरेच्या डबीला कळणार, डबीतून तार दंडावरच्या चकतीला, आणि कातडीखाली बसवलेल्या बटणाएवढ्या यंत्रातून नसेला बारीक झिणझिण्या. जितका दाब जास्त, तितक्या झिणझिण्या दाट. म्हणजे हाताने धरलं की माणसाला कळणार.

मी हे सगळं अक्काच्या ओट्यावर बसून तुम्हाला समजावलं. तुम्ही हुकाने पपईची बी उकरत होतात. म्हणालात, "माझा हूक बरा. तो म्हणत न्हाय मी हात हाय म्हणून." मी म्हटलं, पण त्याला काही कळत नाही. तुम्ही म्हणालात, "मना कळतं की." आपलं भांडण तिथून वाढत गेलं. चार रविवार चाललं. शेवटच्या रविवारी मी अक्कासमोर तुम्हाला घाबरट म्हणालो. "घाबरट आहात म्हणून नको म्हणताय, बाकी काही कारण नाही," अशा शब्दांत.

तुम्ही हूक टेकवून उठलात आणि आत गेलात. पुढच्या आठवड्यात इस्पितळात येऊन डाव्या हाताने सही केलीत. मी जिंकलो होतो, म्हणून मी त्याचा कधी विचारच केला नाही. आता करतो. रोज करतो. तो शब्द मला परत घ्यायचा होता, दाजी. वेळ होता, पण मी घेतला नाही.

पहिला दिवस चांगला होता. तो खरा होता, हे आता मला ठाऊक आहे, म्हणून त्याचा आधार वाटतो. अक्काने परसातले टोमॅटो पिशवीत घालून आणले होते. तुमचे डोळे फडक्याने बांधले. डबीचं बटण दोनवर. तुम्ही हात मिटत नेलात, मोटर घुंई करत होती, आणि टोमॅटोची साल ताणली जायच्या आत तुम्ही थांबलात. टोमॅटो शाबूत. डॉक्टर टाळ्या वाजवत होते. तुम्ही फडकं सोडलं नाहीत. तसेच बसून राहिलात आणि म्हणालात, "सदा, आंगठा आला." मग थोड्या वेळाने, "मूठ उघडली रे."

अक्का पदर तोंडात धरून बाहेर गेली. मी वहीत लिहिलं: पातळी दोन, दाब कळतो. काय लिहिलं बघा. नऊ वर्षांनी एका माणसाची मूठ उघडली आणि मी लिहिलं, दाब कळतो.

मग चतुर्थी आली.

मी तुम्हाला यादी दिली होती. पावसात भिजवू नका. अंघोळीला काढून ठेवा. नदीवर विसर्जनाला जाताना काढून ठेवा. उसाचा रस, साबण, रॉकेल, सगळं लिहिलं होतं. तुम्ही ती यादी देवघराच्या दाराला चिकटवलीत आणि शब्दशः पाळलीत. तीर्थ मी लिहिलं नव्हतं. माझ्या डोक्यात ते पाणी नव्हतंच. तुमच्याही नव्हतं. आपल्यापैकी कुणाच्याच नसतं.

बैठकेत आरती झाली आणि तुम्ही रांगेत उभे राहिलात, नऊ वर्षांनी पहिल्यांदा वाकून बाजूला न होता. मी मागे होतो. माझी छाती फुगली होती. गुरुजींनी पळी पुढे केली आणि तुम्ही उजवा हात पुढे केलात, खाली डाव्याचा आधार, तळवा खोलगट, जसा लहानपणापासून शिकवलेला असतो तसा. पळीभर पाणी त्या रबरी तळव्यात पडलं. दाब मोजणारी पट्टी बसवायला मीच तिथला रबरी मोजा चिरला होता आणि मीच तो चिकटवला होता. पाणी आत गेलं. पट्टीला वाटलं की हाताने सगळ्या जोराने काहीतरी दाबलंय, आणि डबीने होता नव्हता तो सगळा प्रवाह नसेत सोडला.

तुमचा दंड उडाला. मानेची शीर टरारून वर आली. रांगेत कुणाला काही समजलं नाही. तुम्ही तो हात डाव्याने घट्ट धरलात, ओठांपर्यंत आणलात, तीर्थ घेतलंत, उरलेलं डोक्याला पुसलंत. मग माझ्याकडे वळलात. तोवर मी तुमच्या सदऱ्याखाली हात घालून डबी बंद करायला चाचपडत होतो. माझी बोटं बटणाला लागेनात. तुमचं तोंड राखेसारखं झालं होतं आणि तुम्ही म्हणालात, "पा पेर, सदा. पा पेर."

हात मी तीन दिवस सुकवला, पट्टी बदलली, मोजा नवा चढवला. पुन्हा चाचणी घेतली. तुम्ही म्हणालात, फडकं नको, मी डोळे मिटतो. मी बटण दोनवर नेलं. "कळतं का?" तुम्ही म्हणालात, न्हाय. तीन. न्हाय. चार. पाच. सहा. मला वाटलं, नस जळली. मी तुमची नस जाळली. सातवर तुम्ही म्हणालात, "हां, आता. आता कळतं. ब्यें, चांगलं कळतं." त्यानंतर तुम्ही एकही चाचणी चुकला नाहीत. हलकं धरलंत की "एक", मध्यम की "दोन", घट्ट की "तीन", न बघता सांगायचात. डॉक्टर म्हणाले, नसेला सवय होत जाते, पातळी वाढवावी लागते, हे फार मोलाचं आहे, नीट लिहून ठेवा. मी लिहून ठेवलं. पातळी सात, त्रास नाही. पाच आठवडे, दर बुधवारी, तेच.

सहाव्या बुधवारी सकाळी तुम्ही ओट्यावर चहा घेऊन बसलात आणि अक्का साखर घेऊन येईपर्यंत गेलात.

गावच्या डॉक्टरांनी हृदय म्हटलं. तुमच्या वडिलांचंही तसंच, काकांचंही तसंच. सगळ्यांनी मान हलवली. मी मात्र तुमच्या कमरेकडे बघत होतो. डबीचं बटण सातवर होतं. मी ते तिथे ठेवलं होतं. दंडातून काख, काखेतून छाती, एवढंच अंतर. मी ते वितीने मोजलं, दाजी, तुमच्या अंगावर, लोक आंघोळीचं पाणी आणायला गेले होते तेव्हा. दोन विती भरलं.

अक्का म्हणाली, त्यांना हातासकट जाऊ दे, दोन हात जोडून जाऊ दे. मी सेल काढले, ते आगीत फुटले असते. डबी काढून घेतली. हात चढवताना दंडावर चकती नव्हती, पण मला वाटलं आंघोळ घालताना कुणी काढली असेल. मी काही विचारलं नाही. मला काही विचारायचंच नव्हतं. कुणी उलट मला विचारलं असतं तर? तुमचे दोन्ही हात छातीवर जोडले आणि रबरी बोटं उघडी राहिली, मिटेनात, तर अक्काने त्यांना सुती दोरा गुंडाळला.

तिसऱ्या दिवशी राख सावडायला गेलो. हाडांमध्ये हाताचा पोलादी सांगाडा निघाला, काळा, अंगठा वाकलेला. भटजी थांबले. हे कलशात घालायचं की नाही, त्यांना सुचेना. मी घाबरून मागे सरलो. अक्का पुढे झाली, तिने तो उचलला, पदराने पुसला आणि अस्थींवर ठेवला. "त्यांचाच हाय," म्हणाली. सगळं एकत्र नदीत गेलं.

चौथ्या दिवशी, शनिवारी सकाळी, मी अक्काला खरं सांगायला गेलो. ती तांदूळ निवडत होती. मी म्हटलं, "अक्का, मी सातवर ठेवलं होतं. बहुतेक माझ्यामुळेच दाजी..." तिने सूप खाली ठेवलं. आत गेली, कपाटातून जुन्या रुमालाची पुरचुंडी आणली आणि माझ्या मांडीवर ठेवली. आत चकती होती. दंडावरची. कडेला चिकटपट्टीची धूळ बसलेली, महिन्याभराची तरी.

"चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशीच काढली," ती म्हणाली. "मना म्हणाले, ठिव कपाटात, सदाला सांगू नको."

मला समजेना. तारेचं टोक बाहीत नुसतं खोचलेलं असायचं आणि बाही वर करून मी कधी पाहिलंच नव्हतं. चकती नाही तर झिणझिण्या नाहीत. शून्यावर असो की सातवर, सगळं सारखं. मग तुम्ही एक, दोन, तीन कसं सांगत होतात?

"मोटरीच्या आवाजावरनं," अक्का म्हणाली, जसं काही हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. "घट्ट धरलं की ती बारीक रडते म्हणायचे. वीस वर्षं काय केलं त्यानी, सदा? यंत्र ऐकलं."

"आणि सात? सातच का सांगितलं?"

अक्काने चकतीवरची धूळ पदराने पुसली. "तुझ्या तोंडाकडं बघून. म्हणाले, पोरगं अजून वर गेलं तर रडंल, म्हणून म्हणलं आता पुरे." तुम्ही डोळे मिटले नव्हतेत. पापण्यांच्या फटीतून माझं तोंड वाचत होतात.

"की फेर, अक्का? का नाही सांगितलं मला?"

"पेर होते, भ्याले होते," ती म्हणाली. "त्या पाण्याच्या दिवशी त्यांना परत ते रूळ लागले हाताला. तसंच वढलं म्हणाले. चकती बघितली तरी घाम फुटायचा. तुला कशे सांगतील? तू त्यांना घाबरट म्हणला हुतास." तिने हे रागाने म्हटलं नाही. पुन्हा सूप घेतलं आणि खडे काढायला लागली. "मूठबी परत मिटली हुती," एवढं तिने नंतर सांगितलं.

दाजी, खोटं कशाला बोलायचं, माझा पहिला श्वास सुटकेचा होता. मी तुम्हाला मारलं नव्हतं. त्या ओट्यावर बसून मी हमसून रडलो आणि अक्काला वाटलं तुमच्यासाठी रडतोय. ती सुटका बससाठी थांब्यावर येईपर्यंतच टिकली. बस आली, मी पाय वर ठेवला आणि मारी-लिझ आठवली.

ती तुम्हाला माहीत आहे. नुव्हेल फ्रांस गावची, कपड्यांच्या कारखान्यातल्या दाबयंत्रात हात गेलेली, बावीस वर्षांची मुलगी. तुम्हीच तिला कार्यशाळेतल्या बाकावर हिंमत दिली होतीत. तुमच्या चाचण्या बघून तिने होकार दिला. तिच्या दंडात ते बारीक यंत्र बसून तीन आठवडे झाले होते, जखम भरली होती, आणि सोमवारी तिची डबी पहिल्यांदा सुरू करायची होती. तुमच्या आकड्यांवरून डॉक्टरांनी ठरवलं होतं की खालून चढत बसायला नको, सरळ पाचपासून सुरू करू आणि सातवर नेऊ. माझ्या अक्षरातल्या आकड्यांवरून. पातळी सात, त्रास नाही.

मी घरी न जाता कार्यशाळेत गेलो. शनिवारची दुपार, कुणी नव्हतं. तुमची डबी तपासणीच्या तारांना जोडली आणि दोन पट्ट्या स्वतःच्या दंडाला लावल्या. एवढे महिने मी हे यंत्र तुम्हाला लावत आलो, आणि दोनच्या वर स्वतःवर कधी लावून पाहिलं नव्हतं. कधी गरज वाटली नाही म्हणून सांगत असे. भीती वाटायची, हे खरं. मी बटण सातवर नेलं आणि खटका दाबला.

माझा हात माझा राहिला नाही. कोपर टेबलावर आपटलं, चहाचा पेला उडाला, बोटं आत वळली आणि नखं तळव्यात रुतली. खटका बंद करायला दुसरा हात हवा हेच मला सुचेना. किती वेळ गेला ठाऊक नाही, फार नसावा. कातडीवरून एवढं, तर थेट नसेला किती, हे मला डोळ्यांसमोर दिसत होतं, आणि त्या जागी मारी-लिझचा दंड दिसत होता. मग मी जमिनीवर बसून पेल्याचे तुकडे गोळा केले. बोटं अजून वळलेलीच होती. मूठ उघडत नाही म्हणजे काय, ते मला तेव्हा समजलं. तुम्ही एवढं साधं सांगितलं होतं आणि मी पुस्तकातलं बोललो होतो.

रविवारी मी डॉक्टरांच्या घरी गेलो. फाटकापाशी दोनदा परत फिरलो. नोकरी जाईल, हे सगळं काम बंद पडेल, मारी-लिझच्या मागे नाव लावून बसलेल्या दोघांना कधीच हात मिळणार नाही, आणि गावात लोक म्हणतील दाजींनी फसवलं. शेवटची भीती सगळ्यात मोठी होती. तुम्ही जिवंत असता तर मी कदाचित सांगितलं नसतं. तुम्हाला खोटं पाडण्यापेक्षा मी गप्प बसलो असतो, आणि तुम्ही मला दुखवण्यापेक्षा गप्प बसला असता, आणि आपण दोघांनी मिळून त्या पोरीला सातवर नेऊन बसवलं असतं.

मी चकती त्यांच्या टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. डॉक्टरांनी वही मागितली. चतुर्थीनंतरच्या पाच पानांवर त्यांनी तिरकी रेघ ओढली आणि खाली मला सही करायला लावली. आता पुढे काय, ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही. तुमच्यावर ते रागावले नाहीत. एवढंच विचारलं, "तुम्ही त्यांना कधी विचारलं होतं का, की हे नको असेल तर?" मी नाही म्हटलं.

सोमवारी मारी-लिझ आली. केसांना नवी रिबन लावली होती. आईला सोबत आणलं होतं, आईने एक आख्खा कोबी आणला होता, माझ्यासाठी. मी बटण शून्यावर नेऊन तिला दाखवलं, तिला स्वतःला फिरवून बघायला लावलं. मोटर बंद ठेवली, बोटं मी माझ्या हाताने दाबणार होतो, म्हणजे ऐकण्यासारखं काही राहणार नव्हतं. माझी खुर्ची उचलून तिच्या पाठीमागे ठेवली. ती मान वळवून बघायला लागली तर मी म्हटलं, माझ्या तोंडाकडे बघू नकोस, तिथे काही लिहिलेलं नाही.

मग मी वही उघडली. तुमच्या नावाच्या पानानंतर कोरं पान होतं. दाब, झिणझिण्या, ऊब, दुखणं, असे चार रकाने छापलेले असतात. मी पट्टी घेऊन पाचवा आखला. वर काय लिहावं ते क्षणभर सुचेना, कारण कार्यशाळेत आम्ही सगळं फ्रेंचमध्ये लिहितो. मी मराठीत लिहिलं, तुमच्या अक्षरासारखं गोल अक्षर काढून. भीती.

"तो पेर?" मी तिला पाठीमागून विचारलं. घाबरलीस का?

तिने आईकडे मान वळवली. तिची आई म्हणाली, नाही हो, आमची मारी-लिझ धीट आहे. मी आईला हाताने थांबवलं आणि वाट पाहिली. तुमच्यासाठी कधी पाहिली नव्हती तेवढी वाट पाहिली.

"वी," ती म्हणाली, अगदी हळू. "मो पेर."

मी ते भीतीच्या रकान्यात लिहिलं. बटण शून्यावरच ठेवलं, तिच्या दंडावरची चकती काढून तिच्या हातात दिली, आणि म्हटलं, मीपण. आज एवढंच. उद्या ये.